बिनविरोध विजेती

सलग तीन वर्षं मी जिल्ह्याची हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन होते, आणि त्या तीन वर्षांत एकाही मुलीला मी बोट लावलं नव्हतं. यात माझं साधुत्व काही नाही. मुलींच्या सगळ्यात वरच्या वजनगटात नाव देणारी जिल्हाभरात मी एकटीच. बाकीच्या महिनाभर उपाशी राहून खालच्या गटात पळायच्या. मी ग्लोव्ह्ज घालून रिंगमध्ये जायचे, पंच माझा हात वर करायचे, मी घरी येऊन वरणभात जेवायचे. झालं सुवर्णपदक!

आमच्या कसब्यातल्या मंडळाला मात्र पदक म्हणजे पदक. चौकात फ्लेक्स, स्टेजवर शाल, नारळ. शेजारचे काका दरवर्षी विचारायचे, "काय गं, कशी लोळवलीस समोरचीला?" मी नुसती हसायचे. आतून इतकी लाज वाटायची की सांगायची सोय नाही. आपल्याला बॉक्सिंग येतं का, हेच मला ठाऊक नव्हतं.

चौथ्या वर्षी कात्रजकडची एक मुलगी आली. घरी म्हशींचा गोठा, मनगटं ही एवढी! रिंगमध्ये मला म्हणते, "ताई, घाबरू नका हां." पहिल्या फेरीत मी तिला दोरापर्यंत रेटलं. दुसऱ्या फेरीत तिने माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकवले. तिसरी संपली तेव्हा माझा डोळा सुजला होता आणि पंचांनी हात वर केला तो तिचा.

परत येते तर चौकात फ्लेक्स: 'सलग चौथ्यांदा सुवर्ण!' मंडळाने आदल्या दिवशीच छापून घेतला होता. किती तो विश्वास! अध्यक्ष म्हणाले, "आता लावलाय तर राहू दे. कोण विचारतंय?" घरी आईने माझा डोळा बघितला. "दोघीच होतात ना? म्हणजे शेवटची आलीस." आमच्याकडे सांत्वन असंच करतात.

संध्याकाळी शाल घातली, नारळ दिला, माइक पुढे केला. मी म्हटलं, "मी हरले." मग नारळ काखेत धरून, हातवारे करत, मी अख्खी लढत सांगितली. एकेक ठोसा सांगितला. अध्यक्ष घड्याळ दाखवत होते, दाखवू देत. चार वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं.

खाली उतरले तर आई पायरीशी उभी. माझ्या खांद्यावरची शाल काढून घडी घालत म्हणाली, "त्या मुलीचा नंबर घेतलास का?"

"कशाला?"

"कशाला काय? पुढच्या वर्षी ती आली नाही, तर लढणार कुणाशी?"