सुटली का पोरं?

राब भाजल्याचा धूर आला, की मला अजून त्यात जळक्या मोबाईलचा वास येतो. तेव्हा मी गावी, पासलीत होतो, बारावीला, आणि मोबाईलवर एक जपानी ॲनिमे बघत होतो. त्यातली पोरं एका गेमच्या आत अडकतात, बाहेर पडायचं बटणच गायब होतं आणि आत मेलं की खरंच मरण. चुलते रोज सकाळी चारचौघांत खिजवायचे, "काय, सुटली का तुजी पोरं?" त्या दिवशी शेवटचाच भाग उरला होता आणि नेमकं मला भाताच्या रोपांसाठी शेण-पाला रचलेला राब पेटवायला पाठवलं. राब वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचा, म्हणजे आग दमानं सरकते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी लवकर मोकळं व्हायला मी वाऱ्याच्या बाजूनंच काडी लावली आणि बांधावर मोबाईल घेऊन बसलो. मान वर केली तेव्हा शेजारच्या काकूंची वैरणीची गंजी पेटली होती. सगळे धावले, पण गंजी गेली ती गेलीच. चुलत्यांनी माझ्या हातातला मोबाईल हिसकावला आणि धगधगत्या राबात फेकला. "जा, तूबी जाऊन बस आत!" चूक माझीच होती, पण त्यांच्यावरचा राग मी सोडला नाही. परवा अंथरुणाला खिळलेल्या चुलत्यांनी हळूच विचारलं, "सुटली का रं ती पोरं?" नवा मोबाईल घेतला तेव्हाच मी तो शेवट बघितला होता, पोरं सुटली होती. "न्हाई," म्हणालो आणि दार लोटून घेतलं.