माझ्या साडूचं भाड्याचं आभाळ

स्वतःच्या मालकीची एकही वस्तू न बाळगता संसार करणारा माणूस जगात असेल, तर तो माझा साडू. करंजाड्यातलं घर भाड्याचं, त्यातला फ्रिज भाड्याचा, सोफाही महिन्याच्या बोलीवर आणलेला. पावसात भेटला तर हातातली छत्री हमखास शेजाऱ्याची. "साडूभाऊ, मालक झाला का मानूस दाव्याला बांधला गेला समजा," असं तो माझ्या सोफ्यावर पाय पसरून मलाच सांगायचा.

या वेडाचा त्याने धंदाही केला. न्हावा शेवा बंदरात कंटेनर नेणाऱ्या पनवेलच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना गाठायचं आणि त्यांचं कॉम्प्युटरवरचं सगळं काम क्लाउडवर, म्हणजे कुठल्याशा परगावच्या कंपनीच्या भाड्याच्या मशीनवर, चढवून द्यायचं. ऑफिसातला जुना सर्व्हर तो स्वतः भंगारात पोचवायचा. सगळ्यात आधी त्याने गाड्यांचाच धंदा करणाऱ्या सख्ख्या थोरल्या भावाला पटवलं. खंडेनवमीला भाऊ झेंडूची माळ घेऊन रिकाम्या टेबलासमोर उभा. "मशीनच नाय, त पूजा कोनाची करू?" साडू न डगमगता त्याला गच्चीवर घेऊन गेला आणि त्याने आभाळाकडे हळदकुंकू उधळलं. वाऱ्याने ते दोघांच्याच तोंडावर आलं. मी पोट धरून हसलो.

आता हसू येत नाही. त्या क्लाउडवाल्या कंपनीने एका सकाळी गाशा गुंडाळला. फोन केला की नुसतं गाणं वाजायचं, माणूस बोलायचा नाही. माहिती गेली ती गेलीच; आपल्याजवळ एक प्रत ठेवावी, हे साडूच्या तत्त्वात बसत नव्हतं. भावाच्या गाड्या कागदांवाचून बंदराच्या गेटवर अडकल्या, मोठं गिऱ्हाईक तुटलं, काही गाड्या विकाव्या लागल्या. बुडवणारे कुठेतरी मजेत असतील; शिव्या खाल्ल्या माझ्या साडूने. मला अजून त्या लोकांचा संताप येतो आणि खरं सांगायचं तर याचाही येतो. भावाने मात्र एक शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "घरी जेवाला येत जा. धंद्याचा काय बोलू नको." त्यापेक्षा शिवी परवडली असती.

परवा साडू घरी आला. खिशातून रुमालात गुंडाळलेली काळी हार्ड डिस्क काढून त्याने माझ्या हातावर ठेवली. आयुष्यात विकत घेतलेली पहिली वस्तू. मी ती कॉम्प्युटरला लावून पाहिली. रिकामी होती.

"यात काय ठेवणार?" मी विचारलं.

"दादाचा काम," तो म्हणाला. मग डिस्क पुन्हा रुमालात गुंडाळत हळूच म्हणाला, "त्यानी दिला त."