साहेबांच्या बायकोला खो

हेमलता घाटपांडेला दिल्लीत येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी एक गोष्ट काही केल्या तिच्या पचनी पडत नव्हती. इथल्या सरकारी वसाहतीत बायकांनासुद्धा हुद्दा होता! नवरा डेप्युटी सेक्रेटरी असला की बायकोने हळदीकुंकवाला पुढच्या सतरंजीवर बसायचं. हेमलताचे श्यामकांत साधे असिस्टंट, म्हणून हिची जागा दाराशी, चपलांच्या शेजारी. अहो, परीक्षा दिली नवऱ्याने, फायली उपसतो नवरा, मग बायकोने कशाला दाराशी बसायचं? पण हे विचारायचं कोणाला! विचारलं की श्यामकांत घाबरून खिडक्या लावून घ्यायचे.

तिचं माहेर मिरजेचं. शाळेपासून खो-खो खेळलेली, जिल्ह्याच्या संघात होती. बघायला पाहुणे आले तेव्हाही दोन्ही गुडघे फुटलेले. सत्तरच्या दशकात दिल्लीतल्या मराठी मंडळांनी दर हिवाळ्यात बायकांचे खो-खोचे सामने भरवायला सुरुवात केली, तेव्हा वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब नेमके तिच्याकडे आले. "हेमलताताई, संघ तुम्हीच बांधायचा. खेळातून नेतृत्व येतं, संघभावना येते, जिंकायची जिद्द येते!" असं झकास भाषण ठोकलं, चहा प्यायले, आणि चपला घालता घालता म्हणाले, "कॅप्टन मात्र अहिल्याबाई हं."

अहिल्याबाई म्हणजे जॉइंट सेक्रेटरी राजाध्यक्षसाहेबांच्या पत्नी. नेतृत्व खेळातून येतं म्हणे! इथे ते सरकारी बंगल्यातून आलं होतं.

बाई वाईट नव्हत्या, खोटं कशाला बोला. रोज सकाळी धुक्यात वेळेवर यायच्या, पदर खोचून आपल्या चौकोनात बसायच्या. घोळ होता तो बाकीच्यांचा. खो-खोत आठजणी एका रांगेत, एक इकडे तोंड करून, दुसरी तिकडे, अशा बसतात. नववी पळणारीच्या मागे धावते, आणि बसलेल्या एखादीच्या पाठीवर थाप मारून "खो" ओरडते. ती उठून धावायला लागते, ही तिच्या जागी बसते. पोराटोरांनाही कळणारा खेळ. पण साहेबांच्या बायकोच्या पाठीत थाप मारणार कोण?

पहिल्याच वर्षी शोभा झाली. अंडर सेक्रेटरीच्या पत्नी प्रमोदिनी धावत धावत अहिल्याबाईंच्या मागे आल्या, थांबल्या, आणि हात पाठीपासून वीतभर लांब ठेवून म्हणाल्या, "अहिल्याबाई, जरा उठता का?" पंचांनी शिट्टी मारली, फाउल दिला. त्यानंतर सगळ्यांनी एक शहाणपण केलं, की अहिल्याबाईंना खोच द्यायचा नाही. त्यांना वगळून पुढच्या बाईला द्यायचा.

समोर करोल बागेचा संघ होता. सोनं-चांदी गाळणाऱ्या सांगलीकडच्या घरांतल्या बायका, एकमेकींच्या पाठीत धपाधप हात घालायच्या, "अगं शांते, ऊठ की!" म्हणून खेकसायच्या. इकडची एक जागा मुकी आहे हे त्यांनी बरोबर हेरलं. त्यांची पळणारी बिनघोर अहिल्याबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची, दम खायची. सामना गेला. दुसऱ्या वर्षीही गेला. ढाल करोल बागेला, आणि अण्णासाहेब म्हणाले, "हार-जीत चालायचीच." चालायची म्हणे! हेमलता घरी येऊन कणीक अशी तिंबत होती की श्यामकांत स्वयंपाकघरात पाऊल टाकेनात.

तिसऱ्या वर्षी अंतिम सामन्याच्या सकाळी श्यामकांत हळूच म्हणाले, "अगं, एक सांगू? अहिल्याबाईंना काही खो-बिखो देऊ नकोस हं. प्रमोशनचा विषय साहेबांच्या टेबलावर जायचाय."

"म्हणजे हरू?"

"हरायला कोण सांगतंय? फक्त त्यांना सोडून जिंका."

काय बोलायचं या माणसाला! जिंकायचं होतं तिला. दोन वर्षं रोज पहाटे कुडकुडत या बायकांना धावायला शिकवलं होतं. आयुष्यात कधी पळाल्या नव्हत्या त्या आता सूर मारायला लागल्या होत्या, आणि ते सगळं एका पाठीपाशी अडायचं?

सामना चुरशीचा झाला. शेवटचा डाव, पाठलाग वसाहतीचा, आणखी एक गडी बाद झाला की ढाल आपली. हेमलता पळणारीच्या अगदी मागे होती. ती करोल बागेची बाई रांगेतून पलीकडे गेली आणि सवयीने अहिल्याबाईंच्या पुढ्यात जाऊन थांबली. वर हसली! हेमलताचं डोकं फिरलं. कडेला श्यामकांत मान जोरजोरात हलवून नको-नको करत होते. तिने पाहिलं, आणि अहिल्याबाईंच्या पाठीत असा सणसणीत हात हाणला की आवाज शामियान्यापर्यंत गेला. "खो!"

अण्णासाहेबांच्या हातातला माइक खाली आला. पण अहिल्याबाई बंदुकीच्या गोळीसारख्या सुटल्या हो! ती बाई हसणं आवरेपर्यंत यांनी तिच्या खांद्याला हात लावलाही होता. शिट्टी झाली. बायकांनी एकच कल्ला केला. अहिल्याबाई धापा टाकत हेमलताच्या गळ्यात पडल्या, "मेले, दोन वर्षं नुसती बसवून ठेवलीत ग मला!" आणि पाठ चोळत चोळत हसत सुटल्या.

इथे सगळं गोड व्हायला हवं होतं की नाही? झालं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी श्यामकांत दाढी करून, कोट चढवून कुठेतरी जाऊन आले आणि खुर्चीत बसून सुटल्यासारखा श्वास टाकला. "आलो एकदाचा माफी मागून."

"कोणाची?"

"साहेबांची. म्हटलं, बायकोच्या हातून काल जरा आगळीक झाली. खेळाच्या भरात होतं असं."

हेमलताच्या हातातलं पातेलं खाली आपटलं. माफी? कशाची? जिंकल्याची? जिच्या पाठीत हात बसला ती गळ्यात पडली, आणि हे दोघे पुरुष बंगल्यात बसून तिचा गुन्हा मिटवून आले! तिला विचारलंसुद्धा नाही! तिने ओले हात पदराला पुसले आणि तशीच निघाली. "अगं, कुठे चाललीस? हेमा, अगं थांब ना!" श्यामकांत जिन्यापर्यंत आले, पुढे यायचा धीर झाला नाही.

बंगल्याच्या लॉनवर राजाध्यक्षसाहेब उन्हात पेपर वाचत होते. हेमलता समोर जाऊन उभी राहिली. "नमस्कार. आमचे मिस्टर मघाशी तुमच्याकडे माफी मागून गेले. ती मी परत घ्यायला आले आहे. माझं काही चुकलं नाही, आणि माझ्या वतीने माफी मागायला मी कोणाला सांगितलं नव्हतं."

साहेबांनी पेपर खाली केला. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. "माफी? अच्छा, मघाशी कोटातले एक गृहस्थ आले होते खरे. मला वाटलं मंडळाची वर्गणी. मी हो-हो म्हटलं." मग जरा आठवायचा प्रयत्न केल्यासारखं करून विचारलं, "काय नाव त्यांचं? आपल्याच मिनिस्ट्रीत आहेत का?"

हेमलताला वाटलं होतं भांडण होईल. भांडायची तिची पुरी तयारी होती. पण ज्या माणसाच्या धाकाने तिचा नवरा इतकी वर्षं घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलला, त्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं! आता तिचा संताप श्यामकांतांवर नव्हता. "श्यामकांत घाटपांडे," ती एकेक अक्षर तोडून म्हणाली. "तुमच्याच हाताखाली आहेत, नऊ वर्षं." आणि वळून चालू लागली.

श्यामकांत जिन्याच्या तोंडाशीच उभे होते, चेहरा पांढराफटक. "काय म्हणाले गं साहेब?"

खरं सांगायला तिने तोंड उघडलं. आयुष्यात कोणाची भीड ठेवली नव्हती तिने. पण कोट अजून अंगावर होता त्यांच्या, वरच्या गुंडीपर्यंत लावलेला.

"काही नाही," ती म्हणाली. "म्हणाले, श्यामकांत माणूस चांगला आहे."

त्यांचा चेहरा उजळला. "नाव घेतलं माझं? स्वतःहून?"

"हो."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" असं म्हणून ते पुढे होऊन तिच्यासाठी दार धरून उभे राहिले. हेमलता आत गेली, नळ पूर्ण सोडला, आणि पातेलं घासत त्या पाण्याच्या आवाजात साहेबाला मिरजेच्या भाषेत तोंड भरून शिव्या घातल्या.