वेशीवरच्या डब्यातली जळकी काडी

भूपाल अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुरुंगात होतो. घाबरू नका, बेळगावच्या विमा कचेरीत पगार घेणारा माणूस मी, खरा तुरुंग माझ्या नशिबात कुठला… तुरुंग अण्णांनी रचलेल्या गावातला, आणि कैदी म्हणजे खेळातला माझा माणूस, भीमगोंडा, ज्याला मी निपाणीत अण्णांच्या घरी पुढच्या सोप्यात टेबलाशी बसून बरीच वर्षं चालवत होतो. अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं आणि रविवारची दुपार ह्या खेळात. एकानं गाव, वेस, राजा, दरोडेखोर सगळं बोलून उभं करायचं, बाकीच्यांनी एकेक माणूस होऊन त्यात शिरायचं, जमलं की फसलं ते फाशांवर ठरायचं. नातेवाईक म्हणायचे, भूपालला म्हातारपणी पोरखेळ सुचलाय. त्याच नातेवाइकांनी पुढं शोकसभेत त्यांना ‘संस्कारांचं विद्यापीठ’ म्हटलं.

खेळाचं इंग्रजी पुस्तक कुणीतरी बेंगळूरहून आणलेलं. त्यात हत्यारांच्या कायद्याचं एक प्रकरण होतं, जे शहाणी माणसं ओलांडून थेट लढाईच्या पानावर जातात. अण्णा नेमके तिथंच थांबले. नियम साधा. प्रत्येक हत्याराला एक दर्जा, प्रत्येक गावाला एक कडकपणा, आणि वेशीवर दोन्ही ताडून बघायचे. काठी कुठंही चालते. कोयता शेतात अवजार, पण बाजारात परवाना दाखवा. तलवार पहारेकऱ्यांनाच, तोफ फक्त राजाला. जे चालत नाही ते वेशीवर ठेवा, जाताना घेऊन जा. आमची तलवार म्हणजे काडेपेटीतली जळकी काडी. ती दाराशी, चपलांच्या फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची आणि मगच आत येऊन बसायचं. पन्नाशीची, पोट सुटलेली माणसं वाकून डब्यात काडी टाकतायत हे वहिनींना बघवायचं नाही, त्या चुलीकडं तोंड फिरवायच्या. मी एकदा चिडून विचारलं, तलवार दारातच ठेवायची तर शूर होऊन उपयोग काय? अण्णांनी चष्म्यावरून असं बघितलं, जणू कुणी भिजलेल्या तंबाखूचं बोचकं वखारीत आणून टाकलंय.

“तलवार काढून घेतल्यावर जेवढा उरतोस तेवढाच तू शूर. बघू, किती उरतोस रं?”

फारसा उरत नव्हतो.

पुस्तकात नसलेला एक नियम त्यांनी स्वतः घातला होता. बेकायदा हत्यार बाळगणाऱ्यापेक्षा ते दुसऱ्याच्या हातात देणारा मोठा गुन्हेगार. आम्ही जैन. हिंसेचं साधन दुसऱ्याला देऊ नये, हे व्रत आमच्यात सगळे ऐकतात आणि प्रवचनाच्या मांडवातच विसरून येतात. अण्णा पाळायचे. शेजाऱ्यानं नारळाला कोयता मागितला तर कोयता द्यायचे नाहीत, कोयता घेऊन स्वतः जायचे आणि नारळ फोडून परत यायचे. अख्खी गल्ली त्यांना हसायची आणि अख्खी गल्ली नारळ त्यांच्याकडूनच फोडून घ्यायची.

मी पडलो सीमाभागातला. नाका दिसला की आधी त्याला चुकवणारी वाट शोधायची, एवढीच माझी युद्धनीती. भीमगोंडानं तलवार एका भोळ्या शेतकऱ्याला दिली, तंबाखूच्या गाडीत दडवून आत न्यायला. हा शेतकरी चालवायचा येळ्ळूरचा परशराम, माझ्याच बसनं निपाणीला येणारा मित्र. फासा वाईट पडला, गाडी पकडली गेली. मी हुशारीनं म्हणालो, सापडलाय त्यो, मी न्हाय. अण्णांनी शेतकऱ्याला ताक पाजून सोडलं आणि भीमगोंडाला कोठडीत घातलं, जोंधळं दळायला. तेव्हापासून दर रविवारी माझी पाळी आली की विचारायचे, काय भीमगोंडा, आज किती जोंधळं दळलं? बाकीचे राक्षस मारत होते. मी दळत होतो.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. बोलायला काही सुचेना, म्हणून म्हणालो, अण्णा, आता तरी सोडा की त्याला.

“मी आजारी पडलो म्हणून कायदा आजारी पडला व्हय रं? शिक्षा संपली की मी सांगतो.”

सांगायचं राहिलं.

मग त्यांच्या खुर्चीवर वहिनींचे धाकटे भाऊ श्रीपाल बसले. बेळगावच्या उद्यमबागेत स्वतःची फाउंड्री, गळ्यात जाड साखळी, आणि मत प्रत्येक विषयावर. बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केलं की हत्यारांचा कायदा रद्द, ज्याला जे पाहिजे ते घ्या. असली माणसं देवळाचा उंबरासुद्धा पायाला लागतो म्हणून काढून टाकतील. चहा येईपर्यंत परशरामाच्या शेतकऱ्याकडं तोफ आली. गावातल्या दूधवाल्याकडंही आली. वेशीवर विचारायला कुणी नाही, त्यामुळं आत शिरण्यात राम नाही. जे बोलून सुटलं असतं ते सगळं तोफेनं सुटायला लागलं. अण्णांनी इतकी वर्षं वसवलेलं गाव त्या दुपारी भुईसपाट झालं आणि श्रीपाल म्हणाले, लई मजा आली. उभा राहिला तो फक्त तुरुंग, कारण तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि माझ्यावर तोफ वाया घालवावी असं कुणाला वाटलं नाही.

तेवढ्यात श्रीपालना माझी दया आली. दारातला डबा आणून त्यांनी टेबलावर उपडा केला आणि एक काडी उचलून माझ्यापुढं धरली.

“पाव्हणं, तुमचा भीमगोंडा सुटला. ही घ्या तलवार, मी देतो.”

इतकी वर्षं ह्याच क्षणाची वाट बघत मी दळलो होतो. पण ते ‘मी देतो’ कानात गेलं आणि हात पुढं होईना. हा एवढा तुरुंग उघडला की अण्णांच्या गावाची एक वीटही शिल्लक राहणार नव्हती.

“न्हाय,” मी म्हणालो. “शिक्षा संपली न्हाय अजून.”

“अहो, असं कोण म्हणतंय?”

“ज्यांनी सांगायचं त्यांनी सांगितलं न्हाय.”

श्रीपाल मोठ्यांदा हसले. बाकी कुणी हसलं नाही. वहिनी आतून आल्या, सांडलेल्या काड्या एकेक वेचून डब्यात टाकल्या, भावाच्या बोटांतली माझी काडीही काढून घेतली आणि डबा परत चपलांच्या फळीवर नेऊन ठेवला.

पुढं तो खेळ आपोआप बंद पडला, एवढ्या तोफा असूनही. मी मात्र अधूनमधून रविवारी निपाणीला जातो. चपला काढताना डबा दिसतो. वहिनींनी तो हलवलेला नाही, मीही उघडत नाही. सोप्यात बसतो, समोरची खुर्ची रिकामी असते. मग आतून, ताक घुसळता घुसळता, ज्यांना हा खेळ कधी बघवला नाही त्या वहिनी विचारतात, “भावजी, आज किती जोंधळं दळलं?”

“पायलीभर, वहिनी,” मी सांगतो. “अजून बरंच राहिलंय.”