एल्माचं लाल चुंबक

एल्मा पास्कोने जिथल्या कुणाचीच पँट आखूड करून दिली नाही, असं घर आमच्या गल्लीत नव्हतं. तोंडात टाचण्या धरून ती सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकायची. त्या वर्षी मात्र तिच्या टाचण्या जमिनीवर पसरलेल्या असायच्या, कारण त्या गोळा करायचं लाल चुंबक नाहीसं झालं होतं. कात्रीसुद्धा उचलेल इतकं दांडगं चुंबक.

"क्लिफ, माझं चुंबक बघितलंस?"

"सापडेल," नवरा वर न बघता म्हणाला.

कागदाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर क्लिफ गॅरेजमध्ये बिअर करू लागला होता. चार दिवस ती सोन्यासारखी दिसायची. मग चहाच्या रंगावर जायची आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायची. समोरच्या नेरिडाची बिअर महिनाभर सोनेरी राहायची. म्हणून तो शनिवारी तिच्याकडे शिकायला जायचा. पुढे मंगळवारीही जाऊ लागला.

"मी झाकण उघडून हॉप्सची कडू फुलं टाकतो ना, तिथेच हवा शिरते," तो जेवताना सांगायचा. "हवा लागली की बिअर मेली. नेरिडा झाकण उघडतच नाही."

"एकतीस वर्षं दुधाच्या बाटलीला झाकण लाव म्हणून ओरडतेय मी."

"ते वेगळं गं."

"वेगळंच. मी नेरिडा नाही ना."

त्याने मटणाच्या चॉपवर आणखी सॉस ओतला. पिंपं धुताना नेरिडाचे हात बघण्यासारखे असतात, असं तो एकदा बोलून गेला होता. तेव्हापासून भांडी घासून झाली की एल्मा हाताला क्रीम चोळायची. ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

एका मंगळवारी नेरिडाच्या शिवलेल्या पडद्यांचं निमित्त करून ती समोर गेली. तिथलं गॅरेज उघडं होतं. मागच्या अंगणातून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. क्लिफ घरात असा हसल्याला किती दिवस झाले, हे ती मोजत होती, तेवढ्यात तिला ते दिसलं. स्टीलच्या पिंपाच्या झाकणावर लाल चुंबक. खाली तिनेच नेलपॉलिशने काढलेला 'ए'.

तिने ते ओढून काढलं. पिंपाच्या आत काहीतरी डुबुक करून पडलं. एल्मा पडदे तिथेच टाकून घरी आली.

महिनाभराने बोल्स खेळायच्या क्लबात सगळ्यांच्या बिअर चाखल्या गेल्या. नेरिडाची पहिली आली. अशी बिअर तिनेसुद्धा कधी केली नव्हती, असं सगळे म्हणाले. एल्माला घोट कडू लागला. पण तिने पेला संपवला, कारण नेरिडा बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिफ बटण शिवून घ्यायला आला आणि शिवणाच्या डब्यापाशी थबकला. टाचण्यांनी लगडलेलं लाल चुंबक समोरच होतं.

"नेरिडा म्हणत होती, आपोआप पडून कुठेतरी गेलं," तो हळू म्हणाला. "तू काढलंस?"

"माझं होतं. न विचारता दुसऱ्या बाईला दिलंस. वर 'सापडेल' म्हणालास."

आता भांडण होणार म्हणून तिने सुई खाली ठेवली. क्लिफने खिशातून वही काढली.

"कोणत्या दिवशी काढलंस?"

"काय?"

"लोखंडी तुकडा घातलेली हॉप्सची पिशवी आतून त्याच्यावरच लटकली होती. आठव्या दिवशी पाडायचं ठरलं होतं. तू आधी पाडलीस. तेव्हा यीस्ट जागं असणार. पिशवीबरोबर जी काही हवा गेली, ती त्यानेच खाल्ली, म्हणून तर ती बिअर पहिली आली. एल्मा, वार आठवतोय का?"

इतक्या दिवसांनी तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि तेही यासाठी.

"मंगळवार," ती म्हणाली. "तुम्ही दोघं मागे हसत होतात."

त्याची पेन्सिल थांबली. मग त्याने वही मिटली.

पुढचं पिंप त्याने तिच्याकडून चुंबक मागून घेऊन स्वतःच्या गॅरेजमध्ये लावलं. तिसऱ्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला.

"चल. चुंबक तूच काढ."

एल्मा ॲप्रनला हात पुसत गेली, झाकणावरचं चुंबक ओढलं. डुबुक.

"नेरिडाला सांगायला हवं," क्लिफ म्हणाला.

"सांग की. इथूनच हाक मार." आणि तिने चुंबक ॲप्रनच्या खिशात टाकलं.