सुगंधाबाईची सून काल काय जेवली

कुरखेड्याहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाव जिथं सुरू होतं, तिथं पहिलंच घर सुगंधाबाईचं. एवढ्या एका कारणानं सुगंधाबाई सरकारच्या कामी आली. माणसं मोजणारे आले, गुरं मोजणारे आले, संडास मोजणारे आले. सगळे उन्हातून चालत येऊन तिच्याच ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि तिथंच लिहायला बसले. पुढच्या घरी जायची त्यांना गरजच उरत नसे, कारण पुढच्या घरांची उत्तरंही सुगंधाबाईच देई. सोमाजीच्या बकऱ्या किती, हरिदासची बायको माहेरी कधी गेली, कोणाचं ऑपरेशन झालं, सगळं तोंडपाठ. "सरकारले आपलं गाव माह्याच तोंडून मालूम हाये," असं ती म्हणे, आणि ते खरंच होतं. फक्त सरकारला जे मालूम होतं त्यातलं खरं किती, हा प्रश्न वेगळा.

आरोग्याच्या आणि खाण्यापिण्याच्या पाहणीत तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. देशभर होणारी ही मोठी पाहणी काही वर्षांच्या अंतरानं गावात येई. जुन्या पद्धतीत पदार्थांची यादी वाचून दाखवत. काल दूध घेतलं? पालेभाजी? फळं? अंडी? मासे? सुगंधाबाईच्या लवकरच लक्षात आलं की 'हाव' म्हटलं की विचारणारी बाई खूश होऊन पुढं सरकते, आणि 'नाई' म्हटलं की चष्म्यावरून पाहते. त्या दिवसापासून तिच्या घरात काहीच कमी पडलं नाही. गाय विकून किती पावसाळे झाले होते, पण दूध रोज. पपई रोज. एकदा तिचे यजमान मुखरूभाऊ दोरी वळता वळता म्हणाले, "एवढं खातो का वो मी? मंग ह्या बरगड्या कोनाच्या दिसून राह्यल्या?"

"तुमी गप राहा. आल्यागेल्याच्या तोंडावर 'घरात नाई' असं म्हनते का कोनी?"

या वर्षी शिमग्याच्या आधी बातमी आली की ती पाहणी आता नव्यानं आखताहेत. प्रश्न बदलले, विचारायची रीत बदलली. देशभर नेण्याआधी थोड्या गावांत करून पाहणार, आणि त्यात आपलं गाव निघालं. सुगंधाबाईला वाटलं, एवढ्या वर्षांच्या सेवेची कोणीतरी दखल घेतली.

तरी यंदा एक अडचण होती. सून दिव्यानीला सातवा महिना लागला होता. मुलगा प्रवीण तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, म्हणजे सुनेचं सगळं हिच्याच डोक्यावर. आणि सुगंधाबाई त्या सुनेला मुद्दाम कमी वाढत होती. सकाळी वाटीभर आंबील, दुपारी भाताचा एक वाढा, रात्री त्याच्याही अर्धा. अंगणवाडीतून गरोदर बाईसाठी येणारं उकडलेलं अंडं मुखरूभाऊंच्या ताटात जाई आणि ते खाली मान घालून खात.

यात चिक्कूपणा नव्हता. धानाची कोठी भरलेली होती. होती ती भीती. तिची लेक उर्वशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हा हिनंच तिला हौसेनं, आग्रह करकरून खाऊ घातलं. मग पुराच्या पाण्यात खाटेवरून नेणं आलं, न संपणाऱ्या कळा आल्या, आणि दवाखान्यातून उर्वशी तेवढी परत आली. तिथली नर्स जाता जाता एवढंच म्हणाली होती, "बाळ अडकलं होतं." पुढचं सगळं सुगंधाबाईनं स्वतःच जुळवलं. पोरीनं खूप खाल्लं, बाळ मोठं झालं, म्हणून अडकलं. म्हणजे ते आपल्याच हातच्या भातानं गेलं. तेव्हापासून गरोदर बाईला वाढताना तिचा हात आखडायचा. गावची आरोग्यसेविका आशाताई समजावायला आली की "हाव बाई, देते ना" म्हणून ही तिला वाटेला लावी.

पाहणीवाल्या यायच्या आदल्या दिवशी चुलीपुढं सुनेची शिकवणी झाली.

"दूध?"

"हाव."

"पालेभाजी?"

"हाव."

"अंडं?"

दिव्यानीनं हळूच मामाजींकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, पाहिलं. मामाजींनी छपराकडे पाहिलं.

"हाव म्हन ना वो! इकडंतिकडं काऊन पाहून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी दोघीजणी आल्या. दीपिका चंद्रपूरची, हातात टॅब, चेहरा परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा. तहसीन राजुऱ्याच्या कापडदुकानदाराची मुलगी, बोलण्यात गिऱ्हाईक न सोडणारी. सुगंधाबाईनं सतरंजी टाकली, पाणी दिलं, पदर सावरला आणि ऐसपैस बसली. "हं. विचारा."

"मावशी, आम्हाला सुनेशी बोलायचंय," दीपिका म्हणाली. "एकटीशी."

"एकटीशी? तिले काय समजते?"

"काल काय खाल्लं ते तर समजत असेल," तहसीन म्हणाली.

"आतापावेतो सगळ्याईचं मीच सांगत आली ना वो बाई!"

"म्हणूनच तर पाहणी बदलली, मावशी."

ओसरीच्या कोपऱ्यातून मुखरूभाऊंना ठसका लागला. सुगंधाबाईनं तिकडं असं पाहिलं की तो जागच्या जागी बरा झाला. पण तहसीननं लगेच सांगितलं की नव्या पाहणीत मोठ्या बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत, खास त्यांच्यासाठी. तेव्हा कुठं सुगंधाबाईचा रुसवा निवळला. दीपिका सुनेला घेऊन आतल्या खोलीत गेली, तहसीन बाहेर सासूपुढं बसली. दार लोटलं. एकांत झाला.

आता ही नवी पाहणी जिथं कुठं बसून आखली, तिथं भिंती विटांच्या असणार. सुगंधाबाईच्या घरात ओसरी आणि खोली यांच्यामध्ये बांबूचा तट्टा होता, त्याला मातीचा लिंपा, आणि लिंपाही अर्धा झडलेला. आत कोणी उसासा टाकला तरी बाहेर वारा लागावा, असा तो एकांत.

"यादी नाहीये ताई," आत दीपिका सांगत होती. "काल सकाळी उठल्यापासून दिवस कसा गेला, तेवढं सांगा. काय काय खाल्लं ते येईलच त्यात."

यादी नाही! बाहेर सुगंधाबाई तट्ट्याकडे सरकली. सगळी शिकवणी वाया. पोट्टी आता काय सांगते अन् काय नाही.

मग दिव्यानीचा आवाज, आधी चाचरत.

"काल... आत्याजी लवकर उठल्या. मले म्हने, निजून राहा, घाई नाई. मंग आंबील देली. ताक टाकून." जरा थांबून ती पुढं निघाली, आणि एकदा वाट सापडल्यावर मग चांगलीच निघाली. "दुपारी झिंग्याची चटनी केली. मले आवडते म्हनून. भात वाढला. मी पुरे म्हनली, तं आत्याजी म्हने, अजून घे वो, आता दोघाईचं खाचं हाये तुले. मंग अंडं सोलून देलं. मीठ लावून. माह्याजवळच बसून राह्यल्या, खाऊन होत परेंत."

"मावशी," बाहेर तहसीन म्हणाली, "तुमचं वय विचारलं मी."

"थांब वो. ऐकू दे."

झाडीपट्टीतली नाटकं सुगंधाबाईनं खूप पाहिली होती. पहाटेपर्यंत मांडी न बदलता बसून ती नायिकेसाठी रडायची. पण आपणच पात्र असलेलं नाटक ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि त्यातली सुगंधाबाई मोठी गोड बाई होती. पहिल्यांदा तिला बरं वाटलं. पोट्टी हुशार निघाली, घराची अब्रू राखली. मग ते मीठ लावलेलं अंडं तिला खटकलं. एवढं बारीक कोणी शिकवलं तिला? दूध, भाजी, अंडं एवढंच तर शिकवलं होतं. जवळ बसून राहणं शिकवलं नव्हतं. ते पोरीनं आपल्या मनचं घातलं होतं. म्हणजे मनात होतं.

"पुढचा प्रश्न," तहसीननं टॅबवर बोट सरकवलं. "गरोदर बाईनं नेहमीपेक्षा कमी खावं, असं तुम्हाला वाटतं का?"

उभ्या आयुष्यात सुगंधाबाईनं पाहणीवाल्यांना आवडेल तेच उत्तर दिलं होतं. आज तोंडातून भलतंच निघालं. "हाव. कमीच खावं."

तहसीननं वर पाहिलं, पण चष्म्यावरून नाही. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नर्सबाईनं," म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण नर्सबाई तर एवढंच म्हणाली होती की बाळ अडकलं. मोठं होतं, असं कोण म्हणालं होतं?

"कोनीच नाई सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "मलेच समजलं."

"असा पर्याय नाही मावशी. 'इतर' लिहू?"

सुगंधाबाई उठली आणि सरळ दार ढकलून आत गेली. "बाई, ते लिहू नोको. खोटं हाये सगळं. अर्धा वाढा भात देते मी तिले रात्री. अंडं हा म्हातारा खाते."

"आत्याजी!" दिव्यानीचा चेहरा उतरला. बाहेर दोरी वळायचा आवाज बंद पडला.

दीपिका टॅब छातीशी धरून उभी राहिली. "मावशी, तिच्या नावावर तुमचं उत्तर नाही घेता येत."

"आतापावेतो खोटं घेतलं, अन् आता खरं सांगते तं घेता येत नाई?"

"नाही येत. तिनंच सांगायला पाहिजे, आणि तुम्ही नसताना." मग दीपिकानं त्या तट्ट्याकडे पाहिलं, त्यातून दिसणाऱ्या तहसीनच्या ओढणीकडे पाहिलं, आणि परीक्षेच्या पर्यवेक्षकाला पहिल्यांदाच हसू आलं. "तुम्ही नसताना म्हणजे कुठं, हाच प्रश्न आहे. हे वर कळवायला पाहिजे."

"बोडीच्या पारीवर जा," सुगंधाबाई म्हणाली. "धुनं धुतात तिथी. तिथून मले ऐकू येत नाई." मग सुनेकडे न पाहता, "जा वो. जे झालं ते सांगजो."

दीपिका आणि दिव्यानी तळ्याच्या बांधाकडे गेल्या, तहसीन सोमाजीच्या घरी गेली. सोमाजीकडे कोणी पाहणीवाली पहिल्यांदाच जात असेल. सुगंधाबाईनं मुखरूभाऊंना उर्वशीचा नंबर लावायला सांगितला.

"पोरी, एक विचारू? तुवं बाळ... लय मोठं होतं का?"

त्या बाळाविषयी मायलेकी इतक्या वर्षांत कधी बोलल्याच नव्हत्या. माय रडेल म्हणून लेक गप्प, लेक रडेल म्हणून माय.

"मोठं कोन म्हनलं तुले?" उर्वशी म्हणाली. "माह्या ओंजळीत मावत होतं, माय. मी धरलं होतं ना. आडवं होतं ते पोटात, म्हनून अडकलं. डॉक्टर म्हनले, इथी आधी आली असती तं..." मग तिचा आवाज बदलला. "काऊन वो? दिव्यानीचं काई झालं का?"

"नाई. काई नाई." सुगंधाबाईनं फोन मुखरूभाऊंच्या हातात दिला आणि ती चुलीकडे गेली. डब्यातले तांदूळ काढताना तिचा हात सवयीनं थांबला. तिनं तो थोडा वेळ तसाच राहू दिला. मग आणखी एक मूठ घेतली, आणि आणखी एक.

दिव्यानी बांधावरून परत आली तेव्हा तिच्या बोटाला कापसाचा बोळा होता. पाहणीसाठी दीपिकानं बोटातलं रक्त तपासलं होतं, ते कमी निघालं होतं, कुरखेड्याच्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं होतं. बांधावर तिनं काय सांगितलं, ते सुगंधाबाईनं विचारलं नाही. न विचारता राहणं तिला किती जड गेलं असेल, ते तिला ओळखणाऱ्यांनीच समजून घ्यावं.

"बस," ती म्हणाली. भात वाढला. झिंग्याची चटणी वाढली. दिव्यानीनं चटणीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि मग मधल्या तट्ट्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले.

अंगणवाडीतलं अंडं आलेलं होतं. सुगंधाबाईनं ते सोललं, मीठ लावलं आणि सुनेच्या ताटात ठेवलं. मुखरूभाऊंचं बोट नकळत आपल्या ताटाच्या कडेवरून फिरून आलं.

"तुमी लाखोळीचं वरन खा," सुगंधाबाई म्हणाली.

"मी कुठी काय म्हनलं?"

दिव्यानीनं भात संपवला आणि हात आखडला. "पुरे, आत्याजी."

सुगंधाबाई भाताचं पातेलं घेऊन तिच्याजवळच बसली होती. पात्र नवं होतं, वाक्य दुसरीनं लिहिलेलं होतं, आणि ते म्हणताना तिचा आवाज जरा अडखळला.

"अजून घे वो," ती म्हणाली.