पाठ न दाखवणारा शेजारी

जगातली एकूण एक माणसं पुढे तोंड करून पळतात. चोर पळतो, पोलीस पळतो, बस चुकलेला कारकून पळतो, सगळे पुढे बघून. आमचा शेजारी तेवढा मागे पळायचा. तेही हौसेनं नाही, ऐन जवानीत त्याने त्यावरच पोट भरलं होतं. मी जहाजांच्या इंजिनांत हात काळे करून आयुष्य काढलं, बंदरं पालथी घातली, नाना तऱ्हेची माणसं पाहिली. पण देव ज्याला उलटा बसवून विसरून गेला, असा माणूस हा एकच. अमेरिकन होता. त्याचं नाव माझ्या जिभेवर कधी नीट बसलं नाही, आणि आमच्या हिने तर ते घ्यायचा प्रयत्नच केला नाही. पहिल्याच आठवड्यात तिने त्याचा उलटेराव करून टाकला. त्याला अर्थ सांगितला तेव्हा तो इतका खूश झाला की शाळेतल्या पोरांनाही तेच म्हणायला लावलं म्हणे.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी घरापासून दूर, परदेशात, तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर होतो. मी, ही आणि मुलगी असे तिघं जुरॉंगकडच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर राहत होतो. शेजारच्या दारात एक चिनी म्हातारी एकटी राहायची, तिने आपली एक खोली याला भाड्याने दिली. बुकित तिमाहच्या एका परदेशी शाळेत तो खेळ शिकवायचा. शाळेने तिकडेच बागेतलं घर दाखवलं होतं, ते याने नाकारलं. का, तर तिथे कॉरिडॉर नाही! आमच्या मजल्याचा कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट. पहाटे कामावर निघायला मी दार उघडावं, तर हा पाठमोरा, गुडघ्यात वाकून, बूड खाली टाकून, टपटप टपटप माझ्याच अंगावर येतोय. वाटेत कुंड्या, पोरांच्या सायकली, म्हातारीच्या चपला, पण धक्का म्हणून कशाला नाही. मुलगी तिथल्या बोलीत ओरडायची, "पप्पा, ही इज रिव्हर्सिंग अगेन लाह!" मी हसायचो. ही नाही हसायची. म्हणायची, "देवळातून बाहेर पडताना आपण तरी देवाला पाठ दाखवतो का? त्याच्याही पुढ्यात कुणी तरी असेल."

आमची ओळख झाली ती साडीमुळे. तिथे कपडे बांबूवर घालून बांबू स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर खोचतात. एकदा वारा सुटला आणि हिची निळी साडी बांबूवरून सुटून निघाली. ही खिडकीतून ओरडतेय आणि खाली हा शाळेतून परत येतोय. त्याने वर पाहिलं, हातातली पिशवी टाकली, आणि मान आभाळाकडे करून मागे मागे पळत सुटला. साडी वाऱ्यावर डावीकडे, हा डावीकडे. साडी उजवीकडे, हा उजवीकडे. सायकलींच्या मधून, गटार ओलांडून, शेवटी अंगच झोकून दिलं आणि जमिनीला टेकायच्या आत साडी पोटाशी धरली. एवढ्यावर थांबला असता तर माणूस शहाणा. पण आमच्या ब्लॉकची लिफ्ट काही मोजक्याच मजल्यांवर थांबायची आणि याला तिची वाट बघायचा दम धरवेना. साडी बगलेत दाबून जिन्याने पळत आठ मजले चढला. हिने दार उघडलं, तर घामाने निथळणारा हा आडदांड गडी, आणि त्याच्या बगलेत आपली साडी! तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारची म्हातारी झाडू घेऊन बाहेर आली.

मग ओशाळून हिने दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्यांचा डबा पाठवला. स्टीलचा, कडीचा, आमच्या लग्नातला. तो त्याने लख्ख धुऊन परत आणला. हिने हातात घेतला नाही. म्हणाली, "रिकामा डबा परत देतात होय? निदान चिमूटभर साखर तरी घालून आणावी माणसाने." मुलीने त्याला ते इंग्रजीत सांगितलं. तो एकदम ताठ झाला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, परत आणणं हा तर माझा धंदा होता." वहिनी हा शब्द मुलीने त्याला शिकवला होता, तो त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. त्या दिवसापासून आमचा डबा कधी रिकामा आला नाही, पण काय भरून येईल याचाही नेम राहिला नाही. शेंगदाण्याचं लोणी आलं, टेनिसचे चेंडू आले, शाळेच्या मैदानातलं गवत मातीसकट आलं, कारण त्याच्या मते इतकं सुंदर गवत वहिनींनी पाहायलाच हवं होतं. एकदा डुरियनचे, म्हणजे तिथल्या काटेरी, फणसासारख्या फळाचे गरे आले. झाकण उघडल्याबरोबर देव्हाऱ्यातल्या देवांनीसुद्धा तोंड फिरवलं असेल, असा तो वास. ही चिंचेने डबा घासत राहिली आणि हसत राहिली. आणि आणायचा कसा, तर कडीला धरून लोंबकळत कधीच नाही. कोपराच्या खोबणीत, बरगड्यांशी दाबून, वरून दुसरा हात. कुणी मारून खाली पाडेल की काय, अशा बेताने.

त्याचा खेळ मला आधी कळायचा नाही. एका संध्याकाळी जेवण झाल्यावर त्याने आमच्या वाट्या जमिनीवर मांडल्या, सुपारीचा चेंडू केला आणि समजावलं. फुटबॉल म्हणतात, पण पाय क्वचितच लागतो. त्याची कामं दोन. पहिलं, अगदी कडेच्या कोपऱ्यात एकट्याने उभं राहायचं आणि समोरच्यांचा सगळ्यात चपळ माणूस सांभाळायचा. तो पुढे पळणार आणि याने त्याच्याकडे तोंड ठेवून मागे पळायचं. तो कुठे वळणार ते त्याला ठाऊक, याला नाही. अख्खी संध्याकाळ काम चोख केलं तर याचं नाव कुणी घेत नाही. एकदा चुकला की सगळा देश बघतो. मी म्हटलं, अरे, हे तर आमच्या इंजिनरूमसारखंच झालं! दुसरं काम, समोरचे लोक चेंडू लाथेने आभाळात उडवतात तो खाली एकट्याने झेलायचा आणि अकरा जणांमधून परत त्यांच्याच दिशेने घेऊन पळायचं. डोळे वर चेंडूकडे, आणि समोरून बैल धावत येताहेत ते नुसतं कानाने ऐकायचं. त्यात एक सोय होती. चेंडू हवेत असताना डोक्यावर हात धरून हलवला, की झेलणाऱ्याला कुणी शिवायचं नाही. पण मग त्यालाही पळता येत नाही. जिथे झेलला तिथे खेळ थांबला.

"मग तुम्ही हात वर करायचात ना?" हिने विचारलं.

"कधीच नाही!" तो फुशारकीने म्हणाला. "लोक मला परत येताना बघायला यायचे."

हिने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. तिथे वरपासून खालपर्यंत रेल्वेच्या रुळासारखी शिवण होती. मला म्हणाली, "विचारा त्यांना, घरात आई नव्हती का हात वर कर म्हणून सांगायला?" मुलीने हे काही त्याला सांगितलं नाही.

चार शहरांतून खेळला. एका संघाने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, लग्नात आहेर आलेल्या भांड्यासारखा. आणि या सगळ्यात त्याचं सोनं म्हणजे एक पळणं. बर्फ पडत होतं, आपल्या टोकाला चेंडू झेलला आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला. सुपारी वाट्यांमधून सरसर नेत त्याने दाखवलं, शेवटी तांब्याला वळसा घातला आणि दोन्ही हात वर केले. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेव्हा तो हळूच म्हणाला, मागे त्याच्याच बाजूच्या कुणी तरी समोरच्याला चुकीचं धरलं होतं. पंचाने पिवळं फडकं टाकलं. सगळं रद्द. कुठल्या कागदावर ते पळणं नाही.

"रद्द कसं?" ही म्हणाली. "मी आत्ता बघितलं की!" आणि उठून त्याच्या पुढ्यात एक बेसनाचा लाडू ठेवला.

त्याची आणखी एक खोड म्हणजे माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, कमरेकडे बघायचं. बायकामाणसांत हे बरं दिसतं का? मी एकदा दरडावलं, तर म्हणाला, "डोळे फसवतात, खांदे फसवतात. कंबर नाही फसवत. ती वळली की माणूस तिकडेच जाणार." हॉकर सेंटर म्हणजे खाण्याच्या गाळ्यांची मंडईच, तिथे गर्दीच्या वेळी बसायला जागा नसते, तिथे याला न्यावा. जेवणाऱ्यांच्या कमरांवरून नजर फिरवून म्हणायचा, "ते उठतायत." खरोखर ते उठायचे आणि आम्ही बसायचो. हातातली नूडल्स अर्धी शिल्लक असणारा माणूससुद्धा याने सांगितलं की उठायचाच.

एकदा संध्याकाळी ही भाजीची पिशवी घेऊन कॉरिडॉरमधून येत होती आणि हा समोरून उलटा पळत होता. थांबला. त्याला मधेच थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. ही घरात गेल्यावर मला म्हणाला, "वहिनी डावीकडे झुकतायत. त्यांच्या मनात नाही, तरी." दुसऱ्या दिवशी मी तिला हॉस्पिटलात नेलं. पोटात गाठ निघाली.

पहिलं ऑपरेशन झालं. घरी आली तेव्हा तिला चार पावलं चालवत नव्हतं. मी हाताला धरायला गेलो की चिडायची, "मी काय मूल आहे?" तेव्हा उलटेरावाचा धंदा कामाला आला. रोज शाळेतून आला की तिच्या समोर उभा राहायचा, दोन्ही हात पुढे करून, पण न शिवता. ती एक पाऊल पुढे, हा एक पाऊल मागे. "या वहिनी. अजून. अजून." 'अजून' हा शब्द त्याने जेवताना ताटावर शिकला होता. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ते दोघे असे जायचे, ती त्याच्याकडे बघत आणि तो तिच्या कमरेकडे. मी दारात उभा राहून बघायचो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पळणं मी तिथे पाहिलं, आणि ते गोगलगायीच्या चालीचं होतं.

गाठ पुन्हा आली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ऑपरेशन करून बघता येईल, खात्री देता येणार नाही. मी म्हटलं, करा. मुलगी म्हणाली, करा. डॉक्टर मुलीला समजावत होते, मी मधेमधे माझ्या मोडक्या इंग्रजीत भांडत होतो, आणि खाटेवरच्या बाईला कुणी विचारत नव्हतं. तेवढ्यात तिने उशीवरून हात उचलला. डोक्याच्या वर नेला आणि इकडून तिकडे हलवला. मुलीला वाटलं पाणी हवंय. मला वाटलं झोंबतंय काही. उलटेराव कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता, तो उठला.

"थांबा," तो म्हणाला. "वहिनींनी हात वर केलाय. आता कुणी शिवायचं नाही."

माझं डोकं फिरलं. "तू कोण रे सांगणारा? बायको माझी आहे!"

"अहो, ओरडू नका त्यांच्यावर," ही म्हणाली. "बरोबर सांगतायत ते. पुरे झालं. मला घरी न्या."

तो पुन्हा खुर्चीवर बसला. ज्याने जन्मात कधी हात वर केला नव्हता, तो गुडघा दोन्ही हातांनी धरून लहान पोरासारखा रडला. आणि आम्ही तिला घरी आणली.

घरी ती पडून हुकूम सोडायची. एक दिवस म्हणाली, उलटेरावांना लाडू द्यायचेत. मग बेसन मी भाजलं, लाडू मी वळले, आणि तिने माझी अब्रू काढली. "हे लाडू आहेत की बेअरिंगच्या गोळ्या? एक तरी दुसऱ्यासारखा आहे का?" हसताना तिला दुखत होतं तरी हसली. तोच कडीचा डबा भरून मी शेजारी दिला. डबा परत यायच्या आत ती गेली.

लोक सांगतात, हळूहळू सवय होते. होत नाही. एकट्याने जेवायची सवय होते, तेवढंच.

दिवसकार्य उरकल्यावर तो आला. दारातच उभा राहिला, डबा छातीशी. म्हणाला, "शाळेतली नोकरी संपली, मी परत चाललोय अमेरिकेला. डबा द्यायला आलो. पण यात काय घालू तेच कळत नाही. रोज विचार करतोय. साखरसुद्धा घालवत नाही हातून. आणि रिकामा आणायचा नाही, असं त्या म्हणाल्या होत्या."

मी डबा हातात घेतला. लख्ख धुतलेला होता. आत माझंच तोंड दिसलं. झाकण लावून त्याच्या कोपराच्या खोबणीत परत ठेवला.

"सुचेल तेव्हा आण," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, आणि निघाला. पाठ न दाखवता. माझ्याकडे, माझ्या मागच्या भिंतीवरच्या हिच्या फोटोकडे तोंड ठेवून, गुडघा किंचित ओढत, एकेक पाऊल मागे मागे, कुंड्यांना आणि सायकलींना न लागता, कॉरिडॉरच्या टोकाशी जिन्यापर्यंत. मग खाली उतरत गेला, आणि शेवटी त्याने डोक्यावर उंच धरलेला नुसता कडीचा डबा दिसला.

आता मी सेंगकांगला मुलीकडे असतो. त्या काळी तिथे घरं नव्हती, पायाचे नुसते खड्डे खणले होते. भांडी हलवताना मुलगी म्हणाली, "पप्पा, धिस शेल्फ गॉट एम्प्टी स्पेस, मी मिक्सर ठेवते हं." मी ठेवू दिला नाही. तिथे डबा आहे, म्हटलं. कुठला डबा? म्हटलं, बाहेर गेलाय. तुझ्या आईचा एक डबा अजून यायचा आहे.